हार्ट फेल्युअर: आधी मीठ मोजा, मग पाणी

हार्ट फेल्युअरचा पेशंट हॉस्पिटलमधून घरी निघतो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या लांबलचक यादीखाली बहुधा दोन ओळी असतात. मीठ कमी. पाणी दीड लिटर. गोळ्यांचं जमतं; सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली डबी मिळते, ती भरायची. या दोन ओळींचं नेमकं काय करायचं, हे मात्र गर्दीच्या ओपीडीत क्वचितच कोणी सविस्तर सांगतं. मग घरोघरी आपापला अर्थ लागतो. कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आजोबांची आमटी पार अळणी होते, पण पानात लोणच्याची फोड आणि भाजलेला पापड तसाच राहतो. सहकारनगरात कुणाच्या तरी सासूबाईंसमोरून पाण्याचा तांब्या उचलला जातो, आणि चहा, ताक, सूप मात्र दिवसभर चालू राहतं, कारण ते काही ‘पाणी’ नाही.

या दोन ओळींपैकी पहिली जास्त महत्त्वाची आहे. मीठ आवरलं, तर पाण्याचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो. मीठ न आवरता नुसतं पाणी तोडलं, तर पेशंट तहानेने कासावीस होतो आणि पायांची सूजही हटत नाही. असं का, ते समजायला थोडं शरीरात डोकवावं लागेल.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. कधी त्याचा स्नायू कमजोर झालेला असतो. इको रिपोर्टवर ‘ईएफ’ (इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर ढकललं जातं) 30 किंवा 35 टक्के असा आकडा दिसतो, तो या कमजोरीचा. कधी स्नायू ताठर होऊन हृदय नीट भरतच नाही. तेव्हा ईएफ 55, म्हणजे नॉर्मल दिसतो, घरचे खूश होतात आणि पेशंटला तरीही जिना चढताना धाप लागते. कारण काहीही असो, किडनीपर्यंत पोचणारा रक्ताचा जोर कमी पडतो.

गोची इथेच होते. जोर हृदय थकल्यामुळे कमी झालाय, हे किडनीला कळत नाही. तिचा समज होतो की शरीरातलं पाणीच आटलंय. खडकवासल्याचा साठा खाली गेल्याची नुसती कुणकुण लागली, की पुणेकर जसा घरातला हंडा-कळशीपासून बादलीपर्यंत सगळं भरून ठेवतो, तशी ती वागते. रेनिन नावाचा स्राव सोडते; त्यातून अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही साखळी सुरू होते; आणि लघवीतून जाऊ शकणारं मीठ परत रक्तात ओढलं जातं. मिठामागोमाग पाणी येतं. वर हेच अँजिओटेन्सिन मेंदूला तहान लागल्याचा निरोपही देतं. म्हणजे शरीरात आधीच पाणी जास्त आहे, पाय सुजलेत, फुप्फुसं ओली झालीत, आणि तोंडाला मात्र कोरड. हार्ट फेल्युअरची तहान बऱ्याचदा अशी असते. आजोबा हट्टाने पाणी मागत नसतात, त्यांना खरंच तहान लागलेली असते.

आता मीठ आणि पाण्याचं गणित. सलाइनची बाटली सगळ्यांनी पाहिलेली आहे. साध्या सलाइनच्या एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं, आणि पेशींच्या बाहेर असलेल्या आपल्या शरीरातल्या पाण्याचा खारटपणाही जवळपास तेवढाच असतो. हे प्रमाण शरीर सहसा बिघडू देत नाही. म्हणून किडनीने 9 ग्रॅम जादा मीठ धरून ठेवलं, तर त्यासोबत साधारण एक लिटर पाणीही अडकतं, म्हणजे वजनकाट्यावर एक किलो वाढतं. सणावाराला दोन दिवस चिवडा, चकली, शेव आणि पुरीभाजी झाली की तिसऱ्या दिवशी पायातली चप्पल का घट्ट होते, त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

मग मीठ किती खायचं? जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या 2021च्या मार्गदर्शक सूचनाही हार्ट फेल्युअरच्या पेशंटला 5 ग्रॅमच्या वर जाऊ नका एवढंच म्हणतात. पाच ग्रॅम म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, चहाचा. यात सगळं आलं: कणकेतलं, भातातलं, आमटीतलं, पापडातलं आणि बिस्किटातलं. भारतात माणशी रोजचं मीठ सरासरी 8 ते 11 ग्रॅमच्या दरम्यान आढळलेलं आहे. तेव्हा ‘आमच्याकडे फारसं खारट नसतंच हो’ या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी एक सोपा हिशेब करून बघा. मिठाचा एक किलोचा नवा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात माणशी 5 ग्रॅम धरले, तर तो पन्नास दिवस पुरायला हवा. महिन्यात संपला, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलात, आणि यात लोणचं, फरसाण, पाव धरलेलेच नाहीत. लोणचं घालायला काढलेलं मीठ अर्थातच वेगळं मोजायचं.

पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा (‘सर्व्हिंग’चा), एवढं बघून घ्यायचं, कारण कंपन्यांचं ‘एक वाढप’ फार छोटं असतं. खारी, टोस्ट, ब्रेड, चीज, इन्स्टंट नूडल्स, टोमॅटो सॉस यांच्या मागच्या बाजू एकदा वाचून काढा. गोड बिस्किटातही सोडियम असतं, हे पाहून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

पुण्यातल्या मराठी स्वयंपाकात मीठ कुठे लपतं, याचा मात्र स्वतंत्र पंचनामा व्हायला हवा. उडदाच्या एका मध्यम पापडात साधारण अर्धा ग्रॅम मीठ असतं, आणि त्यातला पापडखार हाही सोडियमचाच क्षार. घरच्या कैरीच्या लोणच्यात वजनाचा निदान दहावा हिस्सा मीठ असतं, कधी त्याहून जास्त. एक बऱ्यापैकी फोड आणि थोडा खार घेतला, की एक-दीड ग्रॅम मीठ गेलंच. उन्हाळ्यातल्या वाळवणातल्या कुरडया, सांडगे आणि खारवलेल्या ताकातल्या मिरच्या दिसायला चिमूटभर, पण मिठाने भरलेल्या. शेव आणि फरसाण मिसळीत वरून पडतं, आणि खालच्या तर्रीतही मीठ असतंच. खायचा सोडाही यात येतो: एक ग्रॅम सोड्यात सुमारे 270 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि चवीला तो खारट लागत नाही, म्हणून ढोकळा खाताना कुणाच्या लक्षात येत नाही. पोट जड झालं म्हणून पाण्यात फसफसवून घेतात त्या पावडरीही सोडियमच्याच. पाण्यात विरघळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांमध्ये एकेका गोळीत 300-400 मिलिग्रॅम सोडियम असू शकतं.

उपवासाच्या दिवशी एक संवाद हमखास होतो. “बाबांना खिचडीत मीठ घातलंयस का?” “नाही हो आई, सैंधव घातलंय.” सैंधव हेही मीठच आहे. त्यात बाकीचे क्षार नावाला असतात; बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच. काळं मीठ, पादेलोण, समुद्री मीठ, गुलाबी मीठ, सगळ्यांची तीच गत. एकादशीला चालतं म्हणून हृदयाला चालतं असं नाही.

याउलट जे मीठ खरंच ‘लो सोडियम’ असतं, ते या पेशंटसाठी वेगळ्या कारणाने धोक्याचं आहे. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निव्वळ ब्लडप्रेशर असलेल्या बऱ्याच लोकांना ते उपयोगी पडतं. पण हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या डबीत रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, सॅक्युबिट्रिल-वलसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी निदान एक-दोन गोळ्या असतात, आणि या सगळ्या रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. त्यात किडनी थोडी कमजोर असली, आणि वर रोजच्या जेवणात पोटॅशियमचं मीठ, तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. दुकानात हे मीठ ‘हृदयासाठी चांगलं’ म्हणून दिसतं, मुलगा प्रेमाने घेऊन येतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. रोज शहाळं पिण्याची सवय असेल, तर तेही सांगा. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असतं.

मीठ कमी करायची रीत कोणती? माझं स्पष्ट मत असं की पेशंटसाठी वेगळा अळणी डबा हा प्रकार चालत नाही. चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी रुसवेफुगवे सुरू होतात आणि शेजारच्या पानातली भाजी गुपचूप उचलली जाते. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांचंच मीठ थोडं उतरवावं. पोळीच्या कणकेतलं आणि भातातलं मीठ सरळ बंद करावं. भाकरीत तसंही अनेक घरांत ते घालतच नाहीत आणि कुणाची तक्रार नसते. भाजी-आमटी मीठ घालायच्या आधी पेशंटपुरती काढून घ्यावी आणि दिवसाला ठरलेलं मीठ, समजा तीन ग्रॅम, एका छोट्या डबीत मोजून त्यांच्याच हाती द्यावं. पानात डाव्या बाजूला मीठ वाढायची आपली पद्धत आहेच, तिचा उलटा उपयोग करायचा. शिजताना आत मुरलेल्या मिठापेक्षा वरून भुरभुरलेलं मीठ जिभेला लवकर लागतं, म्हणून कमी मिठात भागतं. शिवाय आपलं मीठ आपल्या हातात असलं, की माणूस भांडत नाही. लिंबू, आमसूल, चिंच, कैरी, भाजलेलं जिरं, लसूण, ओली मिरची, कोथिंबीर आणि गोडा मसाला सढळ हाताने वापरा. विकतचा तयार मसाला असेल, तर त्यात मीठ आहे का, ते पाकिटावर बघून घ्या. पहिले काही आठवडे जेवण बेचव लागतं, मग जीभ सरावते. त्यानंतर हॉटेलची भाजी खारट लागायला लागते.

आता एक प्रामाणिक प्रश्न. मीठ जितकं कमी तितकं चांगलं, असं आहे का? नाही. 2022मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘सोडियम-एचएफ’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा देशांतल्या 806 पेशंटपैकी निम्म्यांना दिवसाला दीड ग्रॅमपेक्षा कमी सोडियमचा आहार दिला, बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. वर्षभरात मृत्यू, हृदयासाठी भरती किंवा तातडीची धाव यांपैकी काही ना काही पहिल्या गटात 15 टक्के, तर दुसऱ्यात 17 टक्के पेशंटच्या वाट्याला आलं. हा फरक योगायोगाचा असू शकतो इतका छोटा. कडक आहारवाल्यांना थोडं बरं मात्र वाटलं. या बातमीचा ‘मीठ सोडण्याचा काही उपयोग नाही’ असा मथळा करणं सोपं आहे. पण त्या अभ्यासातला ‘नेहमीचा’ गटसुद्धा दिवसाला 2.1 ग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे पाच-सव्वापाच ग्रॅम मीठच खात होता. दहावरून पाचवर येणं आणि पाचवरून चारवर येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला पहिली करायची आहे. पंच्याऐंशी वर्षांच्या आजींना मुळीच मीठ न देणं चुकीचं. त्यांचं जेवणच तुटतं, आणि हार्ट फेल्युअरमध्ये वजन आणि ताकद घटणं हे स्वतंत्र संकट आहे.

पाणी

पाण्याच्या मर्यादेची गोष्ट अलीकडे आणखी बदलली आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रेश-अप’ अभ्यासात तब्येत स्थिर असलेल्या 504 पेशंटपैकी निम्म्यांना दिवसाला दीड लिटरची मर्यादा घातली आणि उरलेल्यांना तहानेप्रमाणे प्या म्हणून सांगितलं. तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मर्यादा घातलेल्यांना तहानेचा त्रास मात्र जास्त झाला. आणि मोकळीक दिलेली माणसंसुद्धा सरासरी पावणेदोन लिटरच्या आसपासच प्यायली. म्हणजे तब्येत स्थिर आहे, सूज नाही, रक्तातलं सोडियम ठीक आहे, अशा पेशंटला थेंब-थेंब मोजायला लावायची गरज बहुधा नाही. हा अभ्यास थंड देशातला आहे, हेही लक्षात असू द्या. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की पुण्यातला हिशेब आणखी सैल करावा लागू शकतो.

दीड-दोन लिटरची मर्यादा खरी लागते ती ज्यांचा आजार पुढे गेलाय, सूज-धाप हटत नाही, किंवा रक्तातलं सोडियम खाली आलंय त्यांना. तुम्ही यांत बसता की नाही, हे डॉक्टरच सांगू शकतात, आणि शेजारच्या काकांना मिळालेला आकडा तुम्हाला लागू होत नाही. दुसऱ्या टोकाला सारसबागेत फिरायला येणाऱ्या मंडळींचा सल्ला असतो, उठल्यावर तांब्याभर आणि दिवसात तीन लिटर पाणी प्यायलंच पाहिजे. निरोगी किडनी ते काढून टाकते, म्हणून त्यांचं निभावतं. हार्ट फेल्युअर असताना तहान नसताना जबरदस्तीने पाणी पिऊ नये.

मर्यादा असेल, तर मोजायचं काय? जे प्यायलं जातं ते सगळं. चहा, कॉफी, दूध, ताक, सूप, पातळ आमटी, सरबत, बर्फ, आइस्क्रीम, गोळ्या गिळताना घेतलेलं पाणी. भात, भाजी, पोळी सहसा धरत नाहीत; कलिंगडाच्या फोडी मात्र विचारून घ्या. घरातला रोजचा पेला, वाटी आणि चहाचा कप एकदा मापाच्या भांड्याने मोजून ठेवा, कारण स्टीलचा पेला दोनशे मिलिलीटरचा आहे की तीनशेचा, हे नजरेने कळत नाही. मग सकाळी दीड लिटरची बाटली भरायची. चहा प्यायलात की तेवढं पाणी बाटलीतून झाडांना. बाटलीत उरलं ते आपलं. संध्याकाळसाठी थोडं राखून ठेवा, रात्रीच्या गोळ्याही घ्यायच्या असतात. छोटा पेला, घोट-घोट पिणं, चूळ भरणं, बर्फाचा एखादा खडा, तोंडात वेलदोडा किंवा लवंग, यांनी कोरड कमी होते. मीठ लावून वाळवलेली आवळा सुपारी नको.

इथे एका गैरसमजाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तो चांगल्या शिकलेल्या घरांतही होतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडियम 126 येतं. शेजारी छापलेलं असतं 135 ते 145. मुलगी म्हणते, “बाबा, तुमचं सोडियम कमी झालंय, मीठ फारच तोडलं आपण,” आणि त्याच रात्री ताकात मीठ पडतं. रिपोर्टमधला आकडा शरीरात एकूण मीठ किती, हे सांगत नाही. एक लिटर रक्तद्रवात सोडियम किती, एवढंच सांगतो. हार्ट फेल्युअरमध्ये बहुतेक वेळा मीठ जास्तच असतं, पण पाणी त्याहूनही जास्त साठून ते पातळ झालेलं असतं. अशा वेळी मीठ दिलं, तर आणखी पाणी अडकतं आणि धाप वाढते. गरज असते ती पाणी कमी करण्याची. लघवीच्या गोळ्यांमुळे मीठ खरंच निघून गेलेलं असणं, हेही होतं, पण दोन्हींत फरक करायला तपासणी लागते. तेव्हा या रिपोर्टवर स्वयंपाकघरात निर्णय घेऊ नका. आणि पेशंट गुंगीत वाटत असेल, गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

हे सगळं नीट चाललंय की नाही, ते कळायचं साधन स्वस्त आहे: वजनकाटा. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं, तर ती चरबी नव्हे. ते पाणी आहे, आणि डॉक्टरांना फोन करायची वेळ आहे. बऱ्याचदा धाप लागायच्या काही दिवस आधी काटा बोलतो. काटा नसेल तर घोट्यावर मोज्याचे वळ, जोडवी घट्ट होणं, पोट तट्ट वाटून जेवण न जाणं, रात्री दोनऐवजी तीन उशा लागणं, झोपेतून दम लागून उठणं, याही खुणा आहेत. रात्री बसूनही दम कमी होत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. फ्युरोसेमाइड किंवा टोर्सेमाइड, म्हणजे लघवीची गोळी, चालू आहे म्हणून मीठ चालतं, असं होत नाही. गोळी मीठच बाहेर काढत असते. वरून तेवढंच घातलं, तर तिचा उपयोग राहत नाही. ‘लग्नाला जायचंय, वाटेत कुठे जायचं’ म्हणून ती टाळणारे बरेच असतात, आणि पंगतीतलं मीठ त्याच दिवशी सर्वांत जास्त असतं. वेळ पुढेमागे करता येते का, ते आधीच विचारून घ्या. दुसरी गोष्ट, गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात. आहार जराही न चुकता अचानक सूज आली, तर गेल्या आठवड्यात कुठली वेदनाशामक गोळी घेतली होती, ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

जुलाब, उलट्या, जोराचा ताप किंवा उन्हात खूप घाम, यांत मात्र सगळं उलटं होतं. शरीर खरंच कोरडं पडत असतं आणि लघवीची गोळी ते आणखी कोरडं करते. उभं राहिल्यावर चक्कर, लघवी कमी आणि गडद, दोन दिवसांत वजन झपाट्याने खाली, अशा वेळी दीड लिटरचा नियम धरून बसू नका आणि स्वतःच्या मनाने ओआरएसची पाकिटंही सुरू करू नका, कारण ओआरएसच्या एका लिटरमध्ये 1.7 ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या आणि किती दिवस, हे फोनवर विचारता येतं. पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर चार प्रश्न लिहून न्या: मला मीठ किती, पाणी किती, वजन कितीवर गेलं की फोन करू, आणि जुलाब लागले तर कोणत्या गोळ्या बंद ठेवू.